शेवटचा शब्द काकांचा

काकू दार लावून काकांवर करणी करते, हे आमच्या जिन्यात सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. बातमी तळमजल्यावरच्या बाईंची, आणि थाटही त्यांचाच: "मला काय करायचंय म्हणा! पण दार बंद, आत पुटपुटणं, मग एकदम चिडीचूप. नवरा अंथरुणाला खिळलेला, आणि हिच्या डोळ्यांत टिपूस नाही. मला तर बाई काटा आला. पण मला काय करायचंय म्हणा!"

मी पुतण्या, त्याच घरात राहतो; करणीबिरणी काही नव्हती. काकू कविता करत होती. ऐकवत नाहीत इतक्या वाईट, पण कविताच.

काका बसवर कंडक्टर. तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. "पुढे सरका! दारात काय लग्न लावायचंय?" घरीही तेच. काकूची बोलायची पाळी कधी यायचीच नाही. मग एका दुपारी काकांच्या डोक्यातली नस फुटली. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समज मात्र शाबूत राहिली, हेच वाईट.

दवाखान्यात बोलायला शिकवणारी बाई होती. ती म्हणाली, "साधं बोलणं अडतं, पण तालातलं कधी कधी सुटतं. ओळ म्हणा आणि शेवटचा शब्द त्यांच्यासाठी सोडा. आशा फार ठेवू नका."

काकू कपडे आल्टर करून देते. शाळेत तिची एक कविता धड पाठ झाली नव्हती. आता पँट आखूड करताना सकाळची ओळ जुळायची, चेन बसवताना दुपारची. तोंड धुण्याची कविता, गोळ्यांची कविता, अगदी लघवीचं भांडं देण्याचीसुद्धा.

"वाटी आली, उघडा ओठ, सावकाश घ्या एकेक..."

आणि थांबायची. नळाखाली बादली लावलेली असायची, ती भरेपर्यंत. बादली भरायची, काका बघत राहायचे. मग काकू स्वतःच हसतमुखाने "घोट" म्हणायची.

"काकू, ओठ आणि घोट? यमक लंगडतंय," मी म्हटलं.

"लंगडू दे. या घरात धड कोण चालतंय?"

महिने गेले. काकांच्या पाठीला जखमा झाल्या. दवाखान्यातली बाई म्हणाली, या महिन्यात एकही शब्द आला नाही तर शिकवणं थांबवू. त्या दिवशी काकूने एकाच पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून टाकले.

मी काकांचा आवाज हुबेहूब काढतो. म्हटलं, "दवाखान्यात त्या बाईसमोर पडद्यामागून मी म्हणू का शेवटचा शब्द?"

"चप्पल कुठे ठेवलीय, माहितेय ना?"

"मग राहू दे. पण काका नाही बोलणार. लाव पैज."

"हरलास तर ओळी तू करायच्या," ती म्हणाली आणि तोंडात टाचण्या धरून शिवण उसवत बसली.

महिना संपत आला तेव्हाची गोष्ट. चादर ओली झाली होती. मी काकांचा खांदा धरला, काकूने कंबर.

"उशी धरा, बदला कड, आज अंग फारच..."

बादली भरली. भरून वाहायला लागली. नळ बंद करायला कोणी हललं नाही. काकांचा ओठ वाकडा झाला.

"रड."

"जड," काकू म्हणाली. "जड म्हणा, जड."

काकांनी मान हलवली. नाही. तिच्याकडे बघत, एकेक शब्द ओढून काढल्यासारखं म्हणाले, "तू. रड."

काकू ओल्या चादरीवरच बसली आणि तोंड उघडं टाकून रडली. इतक्या जोरात, की तळमजल्यावरच्या बाई जिना चढून धापा टाकत आल्या.

"गेले का हो?"

"नाही हो," काकू हुंदक्यातून म्हणाली, "बोलले!"

बाई जरा हिरमुसल्याच.

संध्याकाळी मी वाद घातला. "तुझा शब्द कुठे म्हणाले ते? पैज धरायची नाही."

काकूचे डोळे सुजून बारीक झाले होते. "माझा म्हणाले असते तर तू हरलाच असतास. ते स्वतःचा म्हणाले, म्हणजे दुप्पट हरलास. सकाळची ओळ कर आणि संध्याकाळचीही."

आता दोन्ही वेळच्या ओळी मीच करतो. काका त्यानंतर काही बोललेले नाहीत.