सुट्या चौकटींचा मांडव

आज सकाळी चहा टाकताना ओट्यावरच्या खिडकीकडे लक्ष गेलं, तर गजांमधून एक कोवळा शेंडा आत डोकावत होता. पावट्याचा. धरायला काही सापडेना म्हणून हवेतच चाचपडणारा. एक पान चुरडून हुंगलं. तो हिरवट, उग्र वास बोटांना लागला आणि मी गॅसकडे बघायला विसरले. चहा उतू गेला. गेला तर गेला. हा पाहुणा खालच्या मजल्यावरून चढून आलाय, पण त्याचं मूळ गाव हडपसर.

तिथे सासूबाईंच्या शेताच्या बांधावर हा पावटा असायचा. शेत गेलं, त्यावर इमारती आल्या आणि सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे कोथरूडला राहायला आल्या. येताना पत्र्याच्या डबीत बी घेऊन आल्या. मधली काही वर्षं पेरायला जागाच नसल्यामुळे ते जुनं झालं होतं. "यंदा न्हाई उगवला तर संपलाच म्हणायचा आपला पावटा," एवढंच म्हणाल्या. भोगीच्या भाजीत विकतच्या शेंगा घालायला त्यांचा हात धजत नसे. सगळी डबी गच्चीवरच्या कुंडीत रिकामी केली, तेव्हा एकच रोप वर आलं.

मी पोटापाण्यासाठी मॉड्युलर किचन आखून देते. रोपाला मांडव हवा म्हटल्यावर माझे हात शिवशिवायला लागले. गच्चीला भोक पाडायचं नाही आणि सांगू तेव्हा सगळं हलवायचं, ही सोसायटीची अट. मग मी सुट्या चौकटी आखल्या. हलक्या पाइपांच्या, आत तारा ओवलेल्या, एकमेकींना नटबोल्टने जोडायच्या. वेल वाढेल तशी चौकट वाढवायची. हवी तर भिंत करा, हवं तर छत. स्वतःवर मी भलतीच खूश होते. वेल मात्र त्या गुळगुळीत पाइपांवरून घसरून खाली बसायचा. मग सासूबाईंनी पाइपांना काथ्या गुंडाळला आणि मी वेल धरून त्यावर नीट वेढे घातले. सकाळी बघते तर सगळे सुटलेले. पुन्हा घातले, पुन्हा सुटले. मग मी स्टूल टाकून त्याच्यासमोरच बसले. त्याला डावं-उजवं कळतं, हे मला ठाऊकच नव्हतं! घड्याळाचे काटे फिरतात त्याच्या उलट्या दिशेनेच तो वर चढतो, आणि मी त्याला काट्यांच्या दिशेने वळवत होते. सासूबाई शेजारी येऊन बसल्या. "जन्मभर पावटा लावला, पर ह्यो कुठनं वळतो त्ये म्या बी कधी बघितलं न्हाई," म्हणाल्या. त्या दिवसापासून गच्चीवर आम्हा दोघींचा चहा सुरू झाला.

मार्गशीर्षात फुलांच्या शेंगा होऊ लागल्या आणि नेमकं तेव्हाच गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं निघालं. मी पाना घेऊन ऐटीत वर गेले. या दिवसासाठीच तर चौकटी सुट्या ठेवल्या होत्या! पण बोल्ट काढले तरी चौकटी जागच्या हलेनात. वेलाने या चौकटीतून त्या चौकटीत जात सगळ्या एकमेकींना शिवून टाकल्या होत्या. सुट्या करायच्या तर वेल कापावा लागणार होता. खालच्या मजल्यावरचे सेक्रेटरी हाताची घडी घालून उभे होते. "सुटं होणारं आहे म्हणाला होतात आपण. मग होऊ द्या की सुटं."

 सासूबाई कुंडीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.  बोल्ट निघालेच होते, म्हणून एक चौकट हलकेच तिरकी करून पाहिली. वेल ताणला, पण तुटला नाही. शेजारची चौकट थोडी जवळ आणली, तर सैल पडला. म्हणजे आता जोड वेलाचाच होता! मग काम बघायला गच्चीवर आलेल्या शेजाऱ्यांना हाका मारल्या. प्रत्येकाच्या हाती एकेक चौकट, माझ्याकडे कुंडी, आणि शेवटची चौकट उरली म्हणून सेक्रेटरींनाही धरावी लागली. "आवं सायेब, तुमी लई पळताय! समद्यांनी संगं चाला," सासूबाई ओरडल्या. आल्यापासून सोसायटीत कुणाशी चार शब्द न बोललेली ही बाई त्या दिवशी सगळ्यांना दटावत होती. पाण्याच्या टाकीपलीकडे मांडव पोहोचला तेव्हा दोन फुलं तेवढी गळली होती.

त्या भोगीला आमच्या भाजीत घरचा पावटा होता. उरलेल्या शेंगा सासूबाईंनी वेलावरच वाळवल्या आणि ज्यांनी चौकटी धरल्या होत्या त्यांच्या घरी स्वतः जाऊन बी दिलं. वेल वाळल्यावर चौकटीही वाटल्या.

सासूबाईंना जाऊन आता दोन पावसाळे झाले. गच्ची मोकळी आहे, बोल्ट माझ्या ड्रॉवरमध्ये पडून आहेत. कुठलीही वस्तू आखताना ती सुटी कशी होईल हे मी आधी बघते, धंदाच तो. ती जोडलेली कशामुळे राहते, हा प्रश्न मला त्या गच्चीवर पहिल्यांदा पडला, आणि त्याचं उत्तर अजून माझ्या ड्रॉइंगमध्ये बसलेलं नाही.

सकाळीच सेक्रेटरींचा फोन आला. "आमचा वेल आपल्या खिडकीत घुसलाय म्हणे. कापून टाकू का?"

"हात लावू नका," मी म्हणाले. "तो आमचाच आहे."

शेंड्याला मी काही केलं नाही. दुपारी जाऊन बघितलं, तर गजाला एक वेढा पडला होता, त्याच्याच वळणाने.