बझर कोणत्या सेन्सरला विचारतो?

१४ जून. इतके दिवस आपल्या आर्डुइनो ग्रुपवर काहीच लिहिलं नाही, माफ करा. आज लिहितेय, कारण पुरती गोंधळले आहे.

झिरकपूरला आमच्या शेजारी राहणाऱ्या ढिल्लों आंटींचं इन्सुलिन फ्रीजमध्ये असतं. या उन्हाळ्यात लाइट गेली की त्यांच्या जिवाला घोर. म्हणून फ्रीज तापला की बझर वाजेल असा, बॅटरीवर चालणारा अलार्म मी आर्डुइनोच्या छोट्या बोर्डावर केला; तापमान दाखवायला त्याला एक स्क्रीनही जोडली. बझरचं काम माझ्या स्वतःच्या लायब्ररीत, म्हणजे कोडच्या वेगळ्या संचात, लिहिलं आणि तिच्या आत तापमानाच्या सेन्सरची तयार लायब्ररी वापरली.

दुपारी त्यांच्याकडे लावून पाहिला. फ्रीजचं दार उघडं ठेवलं. स्क्रीनवर तापमान चढत गेलं, बझर मात्र गप्प.

आंटी हसल्या, "बेटा, ये अलार्म है या नई बहू? बोलती ही नहीं!"

बोर्ड घरी आणून कोड वाचला. सेन्सर एकच, पण स्क्रीनसाठी मुख्य प्रोग्रॅममध्ये मी त्याच्याशी बोलणारा कोडमधला एक ऑब्जेक्ट केला होता, आणि माझ्या लायब्ररीने आत स्वतःचा दुसरा. मी सुरू केला होता फक्त पहिला; बझर मात्र दुसऱ्याला विचारत होता.

दुसराही सुरू केल्यावर बझर वाजला. पण आता अधूनमधून स्क्रीनवर भलताच आकडा येतो. सेन्सरच्या एकाच वायरवर दोन्ही ऑब्जेक्ट बोलतात म्हणून? नक्की कळत नाही. बाहेरचा ऑब्जेक्ट लायब्ररीच्या हाती द्यावा, की सेन्सर तिच्याकडेच ठेवून स्क्रीननेही तिलाच विचारावं? तुम्ही काय करता?

भिंतीपलीकडून आंटींनी बझर ऐकला. लगेच फोन, "बज गया! अब मैं बेफिक्र."

"उद्या येते," एवढंच म्हणून मी फोन ठेवला.

उद्याचं काम: आंटींना सांगणं, अलार्म अजून भरवशाचा नाही.