वालूरच्या पारावर कुरकुरलेला रिव्हर्स

चारठाण्याची जुनी देवळं बघायला जायचं हे आमचं कधीपासून नुसतंच ठरत होतं. परभणीत राहून ती पाहिली नाहीत म्हटलं की पुण्याचे मित्र हसतात. शेवटी एक रविवार पक्का केला. वालूरला सासुरवाडीत जेवायचं, तिथून सेलूमार्गे चारठाणा आणि येताना जिंतूरहून सरळ घरी.

माझी बायको सुनंदा पालमच्या शाळेत शिकवते. गाडी शिकल्यापासून ती एसटी सोडून गाडीनेच जायची. याचं कौतुक सगळ्यांत जास्त तिच्या वडिलांना, म्हणजे तिच्या अण्णांना. जन्मभर मेंढरांमागे फिरलेला माणूस, पण आता पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात, "आमची नंदा गाडीनं शाळंत जाती."

मी गाडीच्या स्वच्छतेबाबत जरा खुळा आहे. आपल्याकडची काळी माती एकदा चपलेला चिकटली की सुटत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी मी ड्रायव्हरच्या पायाखाली मॅटवर एक बारदान दुहेरी घडी करून अंथरलं. सुनंदा म्हणाली होती, "राहू द्या की, मॅट धुता येतं." मी ऐकलं नाही.

वालूरपर्यंतचा रस्ता मधे मधे उखडलेला आहे, सकाळी लवकर निघालात तर त्रास कमी. सासुरवाडीत भाकरी आणि मटणाचा रस्सा झाला. निघालो, तर पारापाशी समोरून मेंढरांचा कळप आला. बोळ अरुंद, मागे घेण्यावाचून इलाज नव्हता. रिव्हर्स टाकला आणि कर्रर्र! मेंढरं बिचकली. पारावरची मंडळी वळून बघायला लागली. पुन्हा टाकला, पुन्हा तेच.

"जावईबापू, गाडी काय करायलीय?" सुनंदाच्या चुलत्यांनी विचारलं.

सासुरवाडीत, एवढ्या लोकांसमोर गिअर पडेना म्हणजे माझं नाकच कापलं गेलं. मी हसत हसत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "तुमच्या पोरीला विचारा. अर्धा क्लच दाबून दाबून गिअरबॉक्सची वाट लावलीय तिनं."

पार हसला. सुनंदा हळूच म्हणाली, "शुक्रवारपर्यंत तर नीट पडत होता." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मामा, म्हणजे माझे सासरे, हसले नाहीत. खिडकीशी येऊन लेकीला म्हणाले, "नंदे, तू आपली बसनंच जात जा बाई. खामखा जावईबापूंचं नुकसान नको." त्यांचा उतरलेला चेहरा मला दिसला, तरी मी बोललेलं मागे घ्यायचं सोडून जोर लावून गिअर कोंबला आणि गाडी मागे घेतली.

चारठाणा सुंदर आहे. दगडी खांबांवरचं कोरीवकाम, खोल बारव, आत उतरलं की गारवा. उन्हाची टोपी आणि पाणी न्या. पण माझं लक्ष लागत नव्हतं. परत निघताना रिव्हर्स पुन्हा कुरकुरला, तेव्हा मात्र मी गाडी बंद करून नीट बघायचं ठरवलं.

तुमच्यावर ही वेळ आली तर आधी एवढं करा. इंजिन बंद करून रिव्हर्स टाका. माझा अलगद पडला. इंजिन चालू असतानाच आवाज येतो, म्हणजे क्लच पुरता सुटत नसतो. मग क्लच तळापर्यंत दाबा, थोडं थांबा, मग टाका. मी दाबला, तर पेडल खाली जाऊन कशाला तरी अडलं. वाकून हात घातला. बारदान सरकून पेडलच्या मागे गोळा झालं होतं.

ते ओढून काढलं. रिव्हर्स गुपचूप पडला. सुनंदा दारापाशी उभी राहून माझ्या हातातलं बारदान बघत होती.

"हे वालूरला जाऊन सांगाल का?" तिनं विचारलं. "जिंतूरकडून न जाता माघारी जाऊ. अंधार पडायच्या आत होतंय."

"उशीर होईल," मी म्हणालो. "फोन करतो ना."

उशीर बिशीर काही होत नव्हता. मला त्या पारासमोर जायची लाज वाटत होती. मी गाडी जिंतूरकडे वळवली.

घरी येऊन मामांना फोन केला, चूक माझीच होती म्हणालो. ते म्हणाले, "जाऊ द्या हो, गाडीच हाय ती." आरोप ऐकायला अख्खा पार होता आणि माफी ऐकायला एकटे मामा. पारावरही सांगा, एवढं म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

सोमवारी सुनंदा एसटीनं गेली. अजूनही एसटीनंच जाते. मी म्हटलं, गाडी ने की. ती म्हणाली, "अण्णांनी सांगितलंय ना बसनं जा म्हणून." गाडीची किल्ली खिळ्याला तशीच आहे.

म्हणून हे लिहितोय. वालूरमधलं कुणी वाचत असेल, तर संध्याकाळी पारावर, मामा असताना, मोठ्यानं वाचून दाखवा: गाडी नंदानं बिघडवली नव्हती. बारदान जावयानं टाकलं होतं, आणि जावई खोटं बोलला.