अप्पांची डावी बाजू

निघायच्या दिवशी माझे वडील, अप्पा, मला कमलनगरहून थेट हैदराबादच्या विमानतळावर घेऊन गेले, स्वतःच्या जीपमधून. रोज संतपूरच्या सवाऱ्या नेणारी जीप त्या दिवशी एकट्या माझ्यासाठी होती. मला लोकांसमोर रडता येत नाही. तरी अप्पा म्हणाले, "कामून रडायलीस? इंग्लंड काय चंद्रावर हाय?"

टीव्हीला जोडलेला माझा रेसिंग गेम मी घरीच ठेवला. इथे आल्यावर तसाच दुसरा घेतला आणि दर रविवारी आम्ही दोघं इंटरनेटवरून एकाच ट्रॅकवर उतरू लागलो. माझी सकाळ, त्यांची दुपार. फोनवर आमचं बोलणं "जेवलीस?" "जेवले" यापुढे जात नाही. गाड्या पळायला लागल्या की मात्र अप्पा बोलतात.

त्यांनी निवडली ती बुटकी, दोन सीटची स्पोर्ट्‌स कार, गेममधली सगळ्यात हलकी. वजनाचा आकडा बघून ते हसले. "एवढं तर माझ्या सवाऱ्यांचंच भरतंय. अन् दोनच शीटं? धंदा कसा करायचा माय?" मीही तीच घेतली. ती जरा कुठे घासली की भेलकांडते. चूक लपवत नाही.

म्हणूनच मला दिसलं. अप्पा डावीकडेच घासत होते. दर फेरीला, सरळ रस्त्यावरसुद्धा. चार रविवार मी नुसतं बघितलं. मग मुद्दाम माझी गाडी त्यांच्या डावीकडे नेली आणि विचारलं, मी कुठे आहे?

"मागं राहिलीस की!" ते खुशीत म्हणाले. मी त्यांच्या दाराला लागून होते.

इथल्या बसमध्ये ड्रायव्हर काचेमागे एकटा असतो, त्याच्याशी कुणी बोलत नाही. आमच्या जीपमध्ये त्याच्या शेजारी तिघं कोंबलेले असतात आणि कडेचा माणूस न सांगता डावी बाजू बघतो. "येऊ द्या अप्पा." "थांबा, म्हैस हाय." लहानपणी मीही ते केलंय. त्या सवयीत अप्पांचं कमी दिसणं झाकून गेलं, कदाचित त्यांच्यापासूनही.

मी सांगितलं तर म्हणाले, "ही गाडी हलकी हाय म्हणून. जीपचं तसं न्हाई." आईने हट्टाने त्यांना उदगीरला नेलं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, गाडी बंद करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी आई फोनवर कुजबुजली, "डोळ्यात थेंब टाकले अन् चावी घेऊन गेले. मी काय हात धरू त्यांचा?" मी ओरडले, विनवलं. अप्पा एवढंच म्हणाले, "कडेला कुणीतरी बसतंयच की."

कमलनगर-संतपूर रस्त्याने जाणाऱ्यांनो, हे वाचून तुम्ही त्यांना ओळखलंत तर ओळखा. त्यांना राग येईल. येऊ दे.

आता रविवारी मी शर्यत करत नाही. त्यांची गाडी आणि भिंत यांच्यामध्ये माझी गाडी ठेवते. ते घासतात, मी भिंतीवर आपटते. "इंग्लंडला जाऊन हळू झालीस माय," ते म्हणतात. मी व्हय म्हणते.

घर कुठे, असं इथे कुणी विचारलं की मी कमलनगर सांगते. मनात मात्र जीपमधली ती कडेची जागा असते, आणि आज तिथे कोण बसलंय हे मला माहीत नसतं.