दोष काढा, पण गाऊन!

किस्से कुणी जमवायला जात नाही, ते आपोआप साचतात. सोलापुरात साखर पेठेत सिद्रामप्पांचं बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचं दुकान होतं. सत्तरच्या दशकात पोस्टातून सुटलो की मी तिथं जाऊन बसायचो. रेडिओवर कुणीही गायला लागलं की दुकानात चार परीक्षक तयार! शेवटी वैतागून सिद्रामप्पांनी भिंतीवर पाटीच लावली: 'दोष काढणाऱ्याने ती जागा गाऊन दाखवावी.'

*

पाटीच्या तावडीत पहिले सापडले ते एका बँकेचे एजंटसाहेब, म्हणजे आताच्या भाषेत मॅनेजर. पेटी दाखवायला आले होते. रेडिओवर ठुमरी चाललेली. साहेब म्हणाले, "आवाज बरा आहे हो, पण तान कच्ची!"

सिद्रामप्पांनी भाता मारून काळी दोनचा सूर धरला. "व्हय? म्हणा की मग."

साहेबांनी घसा खाकरला. पुन्हा खाकरला. मग त्यांना बँकेतलं अर्जंट काम आठवलं. त्या दिवशी रविवार होता! पेटी न्यायला महिन्याभरानं शिपाई आला.

*

बँडवाले उस्मानभाई क्लॅरिनेट वाजवायचे. एकदा गल्लीतून वरात चालली होती, पुढं दुसऱ्याच कुणाचा तरी बँड. उस्मानभाईंनी कानांवर हात ठेवले. "क्या जी ये, पूरा बेसूर!"

सिद्रामप्पांनी नुसतं पाटीकडं बोट केलं.

"हौ, बजाता ना मैं!" म्हणत उस्मानभाईंनी दारात उभं राहून तेच गाणं असं वाजवलं की विचारू नका. वरातीतला घोडा दहा वर्षं त्यांच्याच बँडमागं चाललेला. तो गर्रकन वळला आणि नवरदेवासकट दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला! नवरीच्या मामानं घोड्याला ओढून पाहिलं, घोडा हलेना. मग मामानं हात जोडले ते उस्मानभाईंना.

*

मागावर काम करणारा नरसय्या ढोलकी वाजवायचा. तेलुगू घरचा, मोजकं बोलणारा. गळा नाही हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्यानं पाटीतून पळवाट काढली. गाणं आवडलं नाही की तो तोंडातून ब्र काढायचा नाही, उठून चपला घालायचा. हळूहळू बाकीच्यांनीही तेच उचललं.

एका नवख्या गवयानं डोळे मिटून अर्धा तास आलाप केला. डोळे उघडले तर दाराशी त्याच्या एकट्याच्याच चपला!

*

मोहोळकडचे शाहीर तात्या आमच्यातले सगळ्यात कडक परीक्षक. वाहवा हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेला नव्हता. पोवाड्यात पुढं डफ घेऊन गातो तो शाहीर, मागं उभे राहून 'जी जी' करत साथ देतात ते झीलकरी. तात्यांनी वीस वर्षांत आपला डफ दुसऱ्याच्या हातात दिला नाही. त्यांची एकुलती एक पोर सुशीला कायम मागं, झीलला.

एका साली युरोपात कुठंशी जागतिक गीतस्पर्धा निघाली. तिशीच्या आतले गायक हवे होते. तात्या बाद झाले आणि त्यांनीच बांधलेला पोवाडा घेऊन सुशीला निघाली. डफ सिद्रामप्पांनी दुकानातला दिला. तिला बी.एड.ला प्रवेशही मिळाला होता. स्टेशनवर ती मला म्हणाली, "काका, तिकडं गायलेल्या माझ्या गाण्याची टेप आणणार हाय. तात्यांनी पास केलं तर गात ऱ्हाईन, न्हाईतर मास्तरीण हुईन."

तात्या एवढंच म्हणाले, "थंडी असती तितं. कातडं ढिलं पडंल, डफ शेकून घे."

तिनं खरंच हॉटेलातल्या हीटरवर डफ शेकला. पत्रात लिहिलं होतं, खोली झाडणाऱ्या बाईला वाटलं आपल्या देशात पोळी एवढी मोठी असते. बाई वास घेत उभीच राहिली!

*

नंबर काही आला नाही. टेप मात्र आली. सिद्रामप्पांनी कुठून तरी टेपरेकॉर्डर पैदा केला. सुशीला कोपऱ्यात पदराचं टोक पिळत बसली होती.

पोवाडा बहात्तरच्या दुष्काळावरचा. त्या साली तात्या आणि वहिनी, म्हणजे सुशीलाची आई, दोघंही रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होते. वहिनी पुढच्याच वर्षी गेल्या.

पोवाड्याचं पहिलं कडवं, म्हणजे पहिला चौक झाला, दुसरा झाला. नरसय्या जागचा हलला नाही. तिसऱ्या चौकात, लेकरू झाडाला झोळीत टांगून खडी फोडणाऱ्या आईची ओळ आली, 'माय वळून पाही झोळीला.' सुशीलानं 'माय' म्हटलं आणि ती थांबली. इतकी थांबली की मला वाटलं टेप अडकली. मग उरलेली ओळ आली.

स्पर्धेच्या परीक्षकांचा इंग्रजी कागद मी वाचून दाखवला. लिहिलं होतं, त्या एका थांबण्यानं सभागृहाचा श्वास अडकला.

"त्यास्नी काय कळतंय?" तात्या उसळले. "चूक हाय ती! ओळ एका दमात म्हणायची. माय म्हणून मधीच थांबत्यात व्हय कुणी?"

"बरं तात्या," सुशीला म्हणाली आणि टेप काढून पिशवीत ठेवायला लागली. मला तात्यांचा राग आला. खरंच आला. एवढ्या लांब जाऊन आलेली पोर, एक शब्द गोड बोलायला काय जातं?

सिद्रामप्पांनी भाता मारला. "तात्या, पाटी समद्यांस्नी हाय."

तात्या तडक उठले. आपल्या डफावर थाप मारली. नरसय्यानं ढोलकी धरली.

"माय..."

आणि तात्या थांबले.

नरसय्याचा हात ढोलकीवर तसाच राहिला. सिद्रामप्पांचा सूर चालूच होता. आम्ही वाट बघितली. पुढचे शब्द काही येईनात. शेवटी कोपऱ्यातून सुशीलानंच हलक्या आवाजात ओळ पुरी केली.

तात्यांनी डफ तिच्यापुढं धरला.

"धर. उद्यापास्नं झीलला मी."