पाचव्या बदामाची वाट

लाँड्रीवाल्याला सगळे डागवालेच म्हणायचे. दुकानात त्यांचा एक हट्टी नियम होता: पावतीवर ‘डाग निघणार नाही’ असं कधी लिहायचं नाही. तेल, गंज, रंग, काहीही येवो, चष्मा कपाळावर चढवून ते म्हणायचे, निघेल. सव्वीस वर्षं बहुतेक निघालेही. त्यामुळे हट्टाला कीर्तीची फोडणी मिळाली होती.

हाच हट्ट घेऊन ते संध्याकाळी फोनवर पोकर खेळायला बसत. टेबल अगदी चिल्लरचं. महिनाभर हरले तरी चार चहांचे पैसे जायचे. पण हरायचे मात्र नेमाने. पाच बदाम म्हणजे मोठा डाव, म्हणून चार जमले की पाचव्याची वाट बघत शेवटपर्यंत पैसे लावत राहायचे. शेजारी बसून बायको त्याच टेबलांवर जिंकायची. दहातले आठ डाव ती सुरुवातीलाच फोल्ड करायची, म्हणजे पत्ते टाकून मोकळी व्हायची, आणि पुढचे पत्ते येईपर्यंत स्वेटर विणायची.

“एवढे लावलेत, आता कसं सोडू?” ते कुरकुरायचे.

“लावले ते गेले. ते आता तुमचे नाहीतच. हातात आहेत तेवढेच तुमचे,” बायको सुया न थांबवता म्हणायची.

सोमवारी एक निवृत्त शिक्षिका आल्या. त्यांच्या दिवंगत नवऱ्याचा राखाडी लोकरी कोट होता, खिशाशी शाईचा जुना डाग. शनिवारी मुलगा तो घालणार होता. डागवाले सवयीने म्हणून बसले, निघेल.

गुरुवारपर्यंत त्यांनी तीनदा औषध लावून घासलं. डाग फिका झाला, पण हलेना. त्यांनी कोट दिव्यासमोर धरला, तर खिशाशी लोकर विरळ होऊन उजेड आरपार दिसत होता. तरी हात ब्रशकडे गेला. तीनदा राबलोय, अजून एकदा घासू, असं मनात आलं आणि पाठोपाठ बायकोचं वाक्यही. लावले ते गेले. त्यांनी ब्रश धुऊन खुंटीला टांगला आणि पावतीवर आयुष्यात पहिल्यांदा ते तीन शब्द लिहिले. अक्षर जरा वाकडं आलं.

शुक्रवारी बाई आल्या. आता गावभर बोभाटा होणार, या भीतीने डागवाल्यांनी सगळं एका दमात सांगून टाकलं. आणखी घासलं तर कोट फाटेल, हेही.

बाईंनी खिशावरून बोट फिरवलं.

“आधीच्या लाँड्रीने ह्यांची पँट घासून फाडली,” त्या म्हणाल्या, “आणि वर सांगितलं, फाटकीच आली होती. कोट तुमच्याकडे दिल्यापासून माझ्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. डाग राहू दे हो. कोट आला.”

डागवाल्यांचा जीव भांड्यात पडला. घासायचे पैसे घ्यायला बाईंनाच त्यांना आग्रह करावा लागला.

संध्याकाळी फोनवर पुन्हा चार बदाम जमले. समोरच्याने दणकून पैसे लावले. डागवाल्यांनी क्षणभर बघितलं आणि पत्ते टाकून दिले. बाकीच्यांचा डाव चालू राहिला आणि पुढचं पान उघडलं, तो पाचवा बदाम.

बायकोच्या सुया थांबल्या. “आला की हो.”

“येऊ दे,” ते म्हणाले आणि पाय लांब करून तिच्या लोकरीचा गुंता सोडवत बसले.