आत्याच्या दुकानातलं लाल बटन

जॉयस्टिक हा शब्द आमच्याकडे कुणी वापरत नसे. भिलाईच्या सुपेला बाजारातल्या माझ्या आत्याच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात पोरं त्या दांड्याला 'हँडल' म्हणायची, आणि हँडल हे उपटण्यासाठीच असतं अशी त्यांची ठाम समजूत होती. विमान डावीकडे जायला हवं असेल तर ती हँडल डावीकडे ढकलायची, नाही गेलं तर स्वतः डावीकडे कलायची, आणि विमान पडलं की मशीनला लाथ घालायची. एकदा एका पोराच्या हातात दांड्याचा गोळाच निघून आला. तो त्यानं शांतपणे आत्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "चाची, ये तो पहले से ढीला था."

नवे सुटे भाग मागवावे तर ते कलकत्त्याहून यायचे, म्हणजे बहुतेक यायचेच नाहीत. म्हणून दुरुस्तीचं खातं माझ्याकडे आलं. मी तेव्हा बी.एस्सी. करत होते आणि घरात माझा लौकिक असा, की हिच्या हातात पेचकस देऊ नका. मी घरचा रेडिओ उघडून परत जोडला होता. थोडे स्क्रू उरले, पण रेडिओ पहिल्यापेक्षा बरा वाजायला लागला. उरलेल्या स्क्रूंबद्दल आई वर्षानुवर्षं बोलत राहिली; बऱ्या वाजणाऱ्या रेडिओबद्दल चकार शब्द नाही.

आत्या ही बाबांची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर सासरच्यांनी तिला गोंदियाकडच्या गावात ठेवून घेतली ती मायेपोटी नव्हे, तर सगळ्या दिरांचा स्वयंपाक एका हाती व्हावा म्हणून. एका दिवाळीला ती चार दिवसांसाठी भिलाईला, स्टील प्लांटच्या कॉलनीतल्या आमच्या सेक्टरमधल्या क्वार्टरला आली आणि परत गेलीच नाही. अंगावरचं मोडून तिनं रायपूरच्या कुणाकडून जुनी दोन मशीनं घेतली आणि सुपेल्यात एका शटरचं दुकान थाटलं. एक मशीन मारामारीचं, दुसरं विमानाचं. दुकान चाललं तर ती भिलाईत राहणार होती, नाही चाललं तर परत त्या चुलीपाशी. मला ती जायला नको होती. घरात मला हसवणारं दुसरं कुणीच नव्हतं.

तेव्हा मी कामाला लागले. पावर हाउस नावाच्या बाजारात ट्रकच्या सुट्या भागांची दुकानं होती. तिथून गिअरच्या दांड्याचे गोळे आणले. ते आमच्या हँडलवर असे बसले की पुन्हा कुणाच्या बापाला उपटता आले नाहीत. दांडा मधोमध परत यावा म्हणून आत जी स्प्रिंग असते, ती कुम्हारीच्या एका छोट्या कारखान्यातून वळवून घेतली. चार दिशांना चार पितळी पत्त्या असत. दांडा त्या बाजूला झुकला की पत्ती टेकायची आणि विमान तिकडे जायचं. त्या पत्त्या पक्कडीनं जरा वाकवल्या की हँडल हलकं किंवा जड करता येई. मला न आवडणाऱ्या पोरांसाठी ते कधीकधी जड होई. योगायोगच तो.

अडचण आली बटनांची. कारखान्यांच्या पॅनलवरची जुनी बटनं सुपेल्याच्या कबाड्याकडे ढिगानं पडलेली असत. पण हिरवी बघावीत तर सगळी झिजलेली, आणि लाल मात्र कोरी करकरीत. विचार केल्यावर कारण लक्षात आलं. हिरवं म्हणजे चालू, ते रोज दाबलं जातं. लाल म्हणजे धोका झाला तर बंद, आणि ते दाबलं की साहेब विचारायला येतो, का दाबलं म्हणून. त्यामुळे त्याला कुणी हातच लावत नाही. मी मोठ्या टोपीचं एक सुरेख लाल बटन उचललं आणि विमानाच्या मशीनवर बॉम्बच्या बटनाच्या जागी बसवलं. भोक मोठं पडत होतं म्हणून जुन्या स्लिपरचं रबर कापून वायसर केला. मशीन सुरू करते तो विमानानं उडताक्षणीच आपोआप बॉम्ब टाकला. बंद करायचं बटन ते, त्याचं सगळंच उलटं. हात लावला नाही तरी आत पत्ती टेकलेली. ती फिरवून घेतली, दाबल्यावर अडकून बसणारा खटका काढून टाकला, आणि आमचं बटन भिलाईतलं सर्वांत देखणं बटन झालं.

पण ते कुणी दाबेना.

सुपेल्याच्या बाजारातली पोरं दणादण दाबायची, सेक्टरमधली नाही. त्या खेळात बॉम्ब टाकला की पडद्यावरचे सगळे शत्रू एकदम साफ होत. सेक्टरची पोरं शत्रूंच्या गराड्यात मरून जायची, पण त्या बटनाकडे बोट नेत नसत. त्यांचे बाप प्लांटमध्ये. सेफ्टी वीक आला की घरोघरी चित्रं काढायची, घोषणा पाठ करायच्या, आणि लाल बटनाशी खेळायचं नाही हे त्यांना बाराखडीच्या आधी शिकवलेलं. "लाल बटन को नई दबाते दीदी, पापा बोले हैं," असं एका मिशी फुटलेल्या घोड्यानं मला सांगितलं तेव्हा मी कपाळावर हात मारला.

त्याच सुमारास आमच्या क्वार्टरवर कॉलनीतले वडील लोक यायला लागले. पोरं ट्यूशनला दांडी मारतात, तुमची बहीण जुगाराचा अड्डा चालवते, वगैरे. दुकानाचा मालकही बाबांना म्हणाला, "आप बोल दो, तो आज खाली करा लेते हैं." म्हणजे आत्याचं दुकान राहायचं की जायचं, हे बाबांच्या एका शब्दावर येऊन ठेपलं.

बाबा प्लांटमध्ये क्रेन चालवत. वितळलेल्या पोलादाची बादली डोक्यावरून नेणारी क्रेन. बोलणं कमी आणि सगळ्या गोष्टींना प्लांटचे नियम. त्यांच्या उजव्या हाताला एक खोड होती. कुकरची शिट्टी जरा लांबली किंवा पंखा कुरकुरला, की तो हात आपोआप बाजूला जाऊन हवेत काहीतरी दाबायचा. क्रेनवर त्या जागी लाल बटन असे. एकदा लग्नाच्या पंगतीत कुणाच्या हातून ताटांची चळत पडली, आणि बाबांनी शेजारच्या व्याह्यांच्या जिलेबीवर तळहात दाबला.

ते दुकानात आले, हात मागे बांधून दोन्ही मशीनांभोवती फिरले आणि म्हणाले, "बाई, बंद कर हे. बिनडोक खेळ आहे. लोकं काय काय बोलून राहिले."

आत्या कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बिनडोक आहे? मंग खेळून दाखव दादा. तुह्या सुट्टीच्या दिवशी ये. एका टोकनात पहिलं मोठं जहाज पाड, मी सोताच्या हातानं शटर ओढीन आन् गावाले जाईन. नाई पडलं तर मले पुन्हा बंद करायले सांगायचं नाई."

"कबूल," बाबा म्हणाले.

आत्या निर्धास्त होती, कारण शत्रूचं ते जहाज सगळ्या थव्यांनंतर येई आणि पहिल्यांदा खेळणारा माणूस त्याचं तोंडही बघत नसे. पण मी बाबांना ओळखत होते. ते हट्टाला पेटले तर जहाज पाडतील अशी मला धास्ती होती. म्हणून त्यांच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी मी मशीन उघडलं आणि डावीकडची पत्ती पक्कडीनं अशी मागे वाकवली की हँडल पार टोकाला नेल्याशिवाय विमान डावीकडे जाऊच नये. आत्याला सांगितलं नाही. ती आपल्या शब्दाची पक्की होती. तिनं मला पत्ती सरळ करायला लावली असती.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. स्टूल पुसलं, बसले, आणि टोकन टाकण्याआधी त्यांनी हँडल पुढे, मागे, उजवीकडे, डावीकडे असं सावकाश फिरवून पाहिलं. डावीकडे जरा थांबले. मग त्यांनी टोकन टाकलं.

सुरुवातीला ते गोळ्यासुद्धा झाडेनात. बादली हिंदकळू नये अशा बेतानं विमान हळूहळू नेत राहिले. पोरं तोंड दाबून हसत होती. मीही हसत होते. मग समोरून शत्रूंचा थवाच्या थवा आला, मशीननं किंचाळणारा आवाज काढला, आणि बाबांचा उजवा तळहात, कुणी विचारलं नव्हतं तरी, लाल बटनावर जाऊन आदळला.

पडदा साफ.

बाबा गोंधळले. त्यांनी बंद करायला दाबलं होतं आणि इथे सगळे शत्रू मेले होते. पुढच्या थव्याला पुन्हा तेच. जे बटन सेक्टरमधलं कुणी दाबत नव्हतं, तेच शस्त्र म्हणून मी बाबांच्या हातात दिलं होतं. मोठं जहाज आलं तेव्हा पोरं स्टुलाला खेटून उभी होती. जहाजानं सगळीकडून मारा सुरू केला, भोंगा वाजला, तळहात पडला, आणि जहाज फुटलं. सेक्टरची पोरं ओरडायला लागली. त्यांच्याच सेक्टरमधल्या एका बापानं लाल बटन दाबलं होतं आणि छप्पर कोसळलं नव्हतं.

आत्याचा चेहरा उतरला. पण तिनं शटर ओढायचा लोखंडी आकडा उचलला आणि दाराकडे निघाली. 

"थांब, बाई," बाबा स्टुलावरूनच म्हणाले. "हे मशीन फॉल्टी आहे. डावीकडे कॉन्टॅक्ट होऊन नाई राहिला. कोनंतरी पत्ती वाकवली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. "फॉल्टी मशीनवरची ट्रायल आमच्याकडे धरत नाईत. दुरुस्त करून ठेव. पुढच्या ऑफले पुन्हा ट्रायल घेऊ."

"आन् तोवर?" आत्यानं विचारलं.

"तोवर काय? ट्रायल झाल्याबिगर बंद कसं करतील?"

पुढच्या सुट्टीला ते आले तेव्हा डावीकडची पत्ती मी ठीक केली होती, आणि वरची वाकवून ठेवली होती. बाबांनी हँडल चारही बाजूंना फिरवलं, मान हलवली आणि म्हणाले, "वर ढिलं आहे." ट्रायल रद्द. त्या पुढच्या वेळी स्प्रिंग मऊ. मग गोळा सैल. तक्रार घेऊन येणाऱ्या वडील लोकांना बाबा गंभीरपणे सांगत, "ट्रायल सुरू आहे, निकाल लागला की सांगतो." प्लांटच्या माणसांना ही भाषा समजते. ट्रायल सुरू आहे म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही. आत्या त्यांच्यासाठी चहा मागवून ठेवायला लागली. रद्द झालेल्या ट्रायलनंतर दोघं स्टुलांवर बसून चहा पीत आणि गावाकडच्या कुणाकुणाची टिंगल करत. आम्ही घरी यावर कधी बोललो नाही. मी दर वेळी एक दोष ठेवायची आणि ते दर वेळी तेवढाच शोधायचे.

मग माझ्यातला किडा वळवळला. दोषच ठेवला नाही तर हे काय करतील, असं मला पाहायचं होतं. एका सुट्टीला मी मशीन अगदी ठाकठीक करून ठेवलं. पत्त्या घासून लख्ख, स्प्रिंग नवी, गोळा घट्ट.

बाबांनी हँडल डावीकडे नेलं. उजवीकडे. वर, खाली. पुन्हा एकदा सगळीकडे. मग खाली वाकून मशीनचा पाय हलतो का तेही पाहिलं. काहीच सापडलं नाही. दुकानात पोरं होती, दाराशी दुकानाचा मालकही उभा होता. बाबांनी खिशातून टोकन काढलं. आत्यानं चहाचा पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला तिथल्या तिथे पक्कड शोधावीशी वाटली. माझा चेष्टेखोरपणा मला पहिल्यांदाच महागात पडणार होता, आणि भरणार होती ती.

खेळ सुरू झाला. थवे आले, तळहात पडला, पडदा साफ झाला. आता बाबा सफाईनं खेळत होते. मोठं जहाज आलं. मारा सुरू झाला, भोंगा वाजला, आणि त्यांचा उजवा हात उचलला गेला.

तो बटनाच्या वर हवेत थांबला.  इतक्या वर्षांत तो हात मधे थांबलेला मी कधी पाहिला नव्हता. जिलेबीच्या वेळी नाही, कुकरच्या वेळी नाही. बाबांनी डाव्या हातानं हँडल सोडलं, उजव्या हाताचं मनगट धरलं आणि तो हात ओढून मांडीवर आणला. विमान फुटलं.

"हरलो," ते म्हणाले. मालकाकडे वळून त्यांनी हिंदीत सांगितलं, "मशीन ठीक है. दुकान चलेगा."

आत्यानं पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती कळलं नाही; बहुधा दोन्ही.

घरी जाताना मी स्कूटरवर बाबांच्या मागे बसले होते. त्यांनी चौकातली गर्दी ओलांडली. मग मान न वळवता म्हणाले, "पोरी, पुढच्या ऑफले मी खेळायले येईन, त्याच्या आधी ते लाल बटन तिथून काढजो. डाव्या बाजूले बसव. मनगट दुखून राहिलं माह्यं."